तळणातून उरलेल्या तेलाचं काय करायचं? तापलेलं तेल, मेदाम्लं आणि आपलं शरीर

आषाढ लागला की आमच्या लातूर भागात आखाड तळला जातो. गुळाच्या कापण्या होतात, तिखट-मिठाच्या पुऱ्या होतात, आणि पावसाची झड लागली तर मिरचीचे भजे होतातच. गेल्या आखाडात शेजारच्या काकू झाकण ठेवलेलं पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यात अजून एक तळण निघंल का? चांगलं पिवळं दिसायलंय की." त्या तेलात तोवर तीन वेळा तळण झालं होतं. मी बोट बुडवून दोन बोटांत चोळलं, तर तेल ओशट न लागता चिकट लागलं. वास खवट होता. पण काकूंचा खरा प्रश्न रंगाचा नव्हताच. "एवढं महागाचं तेल फेकून द्यायचं का काय?" हा तो प्रश्न होता.

बावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहिते. तेल फेकायची वेळ येऊ नये अशी रीत बसवता येते, आणि ती खर्चिक नाही. पण त्यासाठी कढईत आणि पोटात काय घडतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

कढईत काय घडतं

कुठल्याही तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा एक कणा आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्लं, म्हणजेच फॅटी ॲसिड. ही मेदाम्लं एका जातीची नसतात. तूप, खोबरेल, पामतेल यांत संपृक्त मेदाम्लं जास्त असतात. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास आणि लिनोलेइक आम्ल 30 टक्क्यांच्या आसपास असतं. सूर्यफुलात लिनोलेइक साधारण 60 टक्के असतं. आपल्या करडईत ते सुमारे 75 टक्के, म्हणजे रोजच्या तेलांत सगळ्यात जास्त. सोयाबीनमध्ये लिनोलेइक 50 टक्क्यांच्या थोडं वर, शिवाय 7 टक्क्यांच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल. जवसाच्या तेलात हे अल्फा-लिनोलेनिक निम्म्याहून अधिक असतं.

नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, एवढंच धरून ठेवा: संपृक्त मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध नसतो, ओलेइकमध्ये एक असतो, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. हवेतला ऑक्सिजन याच बंधांच्या शेजारी घाव घालतो. ओलेइकच्या तुलनेत लिनोलेइक साधारण दहापट वेगानं खराब होतं आणि लिनोलेनिक वीसपटीहूनही अधिक. सुतार दाराच्या चौकटीला जवसाचं तेल चोळतात, ते काही दिवसांत वाळून कडक थर धरतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही. ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. शेगडीमागच्या फरशीवर जो पिवळा चिकटा बसतो आणि घासून निघत नाही, तोही याच रसायनाचा.

तळताना तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पिठातलं, मिरचीतलं पाणी गरम तेलात शिरतं आणि मेदाम्लांना कण्यापासून तोडतं. अशी सुटी झालेली मेदाम्लं वाढली की तेल कमी आचेवरही धुरावतं. दुसरीकडे ऑक्सिजन दुहेरी बंधांच्या शेजारी जोडला जाऊन पेरॉक्साइड तयार करतो. 180 अंशांवर ते टिकत नाहीत, लगेच फुटतात आणि त्यातून अल्डिहाइड, म्हणजे खवट वासाची लहान संयुगं, निघतात. तिसरं म्हणजे रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तेल दाट होतं. धूर डोळ्यांना झोंबतो तो ॲक्रोलिनमुळे. तो मुख्यतः ग्लिसरॉलचा कणा जळून तयार होतो.

खराब झालेल्या या सगळ्या मालाला मिळून 'एकूण ध्रुवीय संयुगं' म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून नियम केला, की तळणाच्या तेलात ही संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही. घरात हे मोजायचं यंत्र नसतं, म्हणून पुढच्या पायऱ्या.

पोटात गेल्यावर

लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. 1929 मध्ये बर या अमेरिकी संशोधक दांपत्याने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की आहारातून चरबी पूर्ण काढली तर उंदरांची वाढ खुंटते आणि कातडी खवल्यांची होते. तेव्हापासून यांना 'आवश्यक' मेदाम्लं म्हणतात. पहिलं ओमेगा-6 गटातलं, दुसरं ओमेगा-3 गटातलं. प्रत्येक पेशीच्या आवरणात ती बसलेली असतात. लिनोलेइकपासून शरीर अरॅकिडोनिक आम्ल बनवतं. अल्फा-लिनोलेनिकपासून, थोड्या प्रमाणात का होईना, मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी लांब साखळीची ओमेगा-3 आम्लं बनतात.

आता हेच तेल तीन-चार वेळा तापवलं तर दुहेरी तोटा होतो. जे हवं होतं ते कमी झालेलं असतं. त्याच्या जागी मोडकी आम्लं, अल्डिहाइड आणि गुंतलेले रेणू आलेले असतात. फार मोठे गुंतलेले रेणू बरेचसे न पचता निघून जातात. पण ऑक्सिडीकरण झालेली मेदाम्लं आतड्यातून शोषली जातात आणि जेवणानंतर रक्तातल्या मेदाच्या कणांमध्ये सापडतात, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. लिनोलेइक मोडून जे अल्डिहाइड होतात, त्यातले काही प्रथिनांना जाऊन चिकटतात. हे ऑक्सिडीकरण पुढे पसरू नये म्हणून शरीराला आपल्याकडचं ई जीवनसत्त्व खर्ची घालावं लागतं. तेलातलं ई जीवनसत्त्व तर कढईतच संपलेलं असतं. फार तापवलेलं तेल सतत खायला घातलेल्या प्राण्यांची वाढ मंदावलेली आणि यकृत मोठं झालेलं आढळलं आहे.

घाबरवायला हे लिहीत नाही. सणाला चार भजे खाल्ल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण पेशींची आवरणं रोजच्या खाण्यातूनच घडतात. तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते, आणि शरीरातल्या साठीव चरबीतलं निम्मं लिनोलेइक बदलायला जवळपास दोन वर्षं लागतात. म्हणून प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

ट्रान्स मेद, म्हणजे दुहेरी बंधाची ठेवण बदललेला मेद, त्याबद्दल थोडक्यात सांगते. घरी एकदा तळल्यानं तो अगदी थोडा तयार होतो. त्याचा मोठा स्रोत होता वनस्पती तूप, ज्याला आपल्याकडे सगळे डालडाच म्हणतात. ट्रान्स मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो. जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेल-तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे. तरी करंज्या खुसखुशीत व्हाव्यात म्हणून वनस्पती तूप आणत असाल तर थांबवा. साजूक तुपाचं किंवा शेंगदाणा तेलाचं मोहन घाला.

पायरी 1 : तेल निवडण्याआधी काम ठरवा

"कोणतं तेल चांगलं?" असं मला रोज कोणीतरी विचारतं. प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी, किती तापवायला, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. करडई आणि जवस कच्चे खायला उत्तम आहेत, आणि नेमके तेच वारंवार तळायला सगळ्यात वाईट. दोन्हींचं कारण एकच, त्यांच्यातली नाजूक मेदाम्लं.

घरात दोन तेलं ठेवा. तळणाला आणि रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचं. त्यात ओलेइक जास्त असल्यानं ते आच सोसतं. दुसरं घाण्याचं करडईचं, लहान बाटलीत, फक्त वरून घ्यायला. सोयाबीनचं तेल आपल्या भागात सगळ्यात सहज मिळतं, कारण लातूरची बाजारपेठच सोयाबीनची. परवडत असेल ते आणा, फोडणीला वापरा. त्यात तळायची वेळ आली तर एकदाच तळा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रिफाईंड सूर्यफूल किंवा करडईचा डबा दाखवून लोक म्हणतात, हे धूर येईपर्यंत खूप तापतं, म्हणजे तळायला चांगलं. शुद्धीकरणात सुटी मेदाम्लं निघून जातात, म्हणून धूर उशिरा येतो एवढं खरं. पण आतलं लिनोलेइक तसंच असतं, आणि ते धूर यायच्या कितीतरी आधी मोडायला लागतं. धूर न येणं म्हणजे तेल शाबूत असणं नव्हे.

पायरी 2 : महिन्याचं तेल मोजून आणा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. चार माणसांच्या घराला दिवसाला 108 ग्रॅम, महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे साडेतीन लिटर. एवढंच आणा. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो खरा, पण लहान कुटुंबात तो चार-साडेचार महिने उघडा राहतो. आपल्या मे महिन्यात घरातही पारा चाळिशीला टेकतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. डबा घ्यायचाच असेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि त्याच दिवशी वाटून घ्या.

तेल शेगडीजवळच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नका. स्टीलची झाकणाची बरणी चांगली. नवं तेल भरताना बरणी घासून, पूर्ण वाळवून घ्या. तळाशी राहिलेलं जुनं तेल नव्या तेलाला विरजण लावतं. ही उपमा मी वर्गातही देत असे, कारण क्रिया खरंच तशी साखळीनं पुढे जाते.

पायरी 3 : फोडणी

मोहरी टाकल्यावर तडतडेल एवढंच तेल तापवा. "तेल कडकडीत तापून धूर निघाला पाहिजे" ही सवय सोडा. हळद, तिखट मंद आचेवर घाला. तेल धुरावलंच तर ते ओतून पुन्हा घ्या, दोन चमच्यांचाच प्रश्न आहे. खिडकी उघडी ठेवा. फार उच्च आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे, आणि तो धूर दिवसभर छातीत कोण घेतं, ते वेगळं सांगायला नको.

पायरी 4 : तळण

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून जरा थांबून वाचा.

कढई लहान, खोल आणि अरुंद तोंडाची घ्या. पसरट कढईत तेल जास्त लागतं आणि हवेला उघडं राहणारं तोंडही मोठं असतं. चार माणसांच्या भज्यांना लहान कढईत 250 ते 300 ग्रॅम तेल पुरतं. एका घाण्यात भजे कमी पण घाणे जास्त, असं करा. लोखंडी कढई तळायला चालते, पण तळण झाल्यावर तेल तिच्यात रात्रभर ठेवू नका, लोह ऑक्सिडीकरणाला वेग देतं. तांबं त्याहून जास्त. पितळेत तांबं असतं, म्हणून कल्हई उडालेल्या पितळी कढईत तळण करूच नका.

तापमान 160 ते 180 अंश असावं. पिठाचा थेंब सोडला की तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत फसफसत वर आला पाहिजे. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, भजे तेल पितील. टाकताक्षणी लाल झाला तर आच कमी करा. दोन घाण्यांच्या मध्ये भाज्या चिरत बसू नका. सगळी तयारी आधी करून मगच गॅस लावा. सलग तळताना पदार्थातून निघणारी वाफ तेलावर पांघरुणासारखी राहते आणि हवेला थोडं अडवते. रिकामं तापत राहिलेलं तेल, किंवा तापव-गार-पुन्हा तापव असं झालेलं तेल, तेवढाच वेळ सलग तळलेल्या तेलापेक्षा जास्त बिघडतं. शाळेतल्या कार्यक्रमांत मी पाहिलं आहे, भजे संपले तरी तासभर कढई चुलीवर फुरफुरत असते. तो तास तेलाचा जीव घेतो.

दिवाळीच्या फराळाला क्रम लावा. आधी शंकरपाळी आणि करंज्या, मग चकली, शेवटी शेव आणि चिवड्याचं तळण. गोड आणि कोरड्या पदार्थांचा चुरा कमी पडतो. बेसनाचा भुगा तेलात जळत राहतो, आणि मीठ-मसाला तेल लवकर उतरवतो. प्रत्येक घाणा निघाला की झाऱ्यानं भुगा काढा. मीठ तेलाच्या वर धरून भुरभुरू नका, पदार्थ बाहेर काढल्यावर घाला. आणि फराळ तीन दिवसांत पसरवण्याऐवजी शक्यतो एकाच दिवशी, दोघी-तिघींनी मिळून उरका. पूर्वी गल्लीत असंच व्हायचं, आणि तेलासाठी तेच बरं होतं.

पायरी 5 : उरलेलं तेल

आता काकूंचा प्रश्न. भज्यांना 300 ग्रॅम तेल घेतलं, त्यातलं काही भज्यांत गेलं. समजा 200 ग्रॅम उरलं. चार माणसांच्या घराला रोज 108 ग्रॅम तेल लागतंच, हे आपण वर पाहिलं. म्हणजे उरलेलं तेल दोन दिवसांच्या भाजी-आमटीत संपतं. फेकायचं काही राहतच नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही हाच आहे: एकदा तळलेलं तेल गाळून भाजीला वापरा, एक-दोन दिवसांत संपवा, त्यात पुन्हा तळू नका.

रीत अशी. गॅस बंद केला की तेल कोमट होऊ द्या. स्टीलच्या गाळणीत स्वच्छ सुती फडकं ठेवून गाळा. लहान, तोंडापर्यंत भरेल अशा बरणीत ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते. बरणीवर तारीख लिहा. नव्या तेलाच्या बरणीत ते कधीही ओतू नका. दुसऱ्या दिवशी पिठलं, वांग्याची भाजी, येसराची आमटी यांच्या फोडणीला आधी हेच तेल घ्या. कच्चं वरून घ्यायला मात्र हे तेल नको.

पायरी 6 : हे तेल आता नको, हे ओळखायचं कसं

रंगावर जाऊ नका. हळद-तिखटानं चांगलं तेलही लाल होतं, आणि काकूंचं बिघडलेलं तेल पिवळंच होतं. नेहमीच्या आचेला लवकर धूर, पदार्थ काढून घेतल्यावरही न विरणारा बारीक फेस, गार झाल्यावर दाटपणा, बोटांना चिकटा, खवट वास, यातलं एक जरी दिसलं तरी तेल काढून टाका. अशा दाट तेलात पदार्थही जास्त तेलकट निघतात, कारण तेल निथळत नाही.

मोरीत ओतू नका, नळी तुंबते. लाकडाच्या भुशात किंवा रद्दी कागदात जिरवून कचऱ्यात द्या. दाराच्या बिजागरीला लावायची सवय असेल तर तीही सोडा, काही दिवसांत ते वाळून बिजागरी आणखी जाम होते. गाई-म्हशींच्या आंबोणात तर मुळीच नको.

पायरी 7 : बाहेरचे भजे

रोज 50 लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असा नियम आहे, आणि वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची योजना 2018 पासून आहे. बस स्टँडबाहेरचा गाडा या हिशोबात बसत नाही. तिथे आपले डोळे आणि नाकच. सकाळी गाडा लागतानाच कढईत काळं तेल असेल, किंवा गाडीवाला भाऊ जुन्यातच नवं ओतत असेल, तर पुढे चला. भजे वर्तमानपत्रात घेऊ नका. छापील कागदात अन्न देण्याला 2018 च्या नियमांनीच मनाई आहे.

पायरी 8 : कच्चं तेल ताटात परत आणा

माझी आजी ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घ्यायची, त्यात बोटानं खळगा करायची आणि त्यात घाण्याचं करडईचं तेल सोडायची. तेव्हा घरोघरी असंच होतं. तळण सणालाच व्हायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' सारखे करडईचे वाण दिले, ते याच मातीसाठी. आज करडईचा पेरा घटला, सोयाबीन आलं, आणि तेल खायचं म्हणजे ते तापवूनच, असं आपण धरून चाललो आहोत. लिनोलेइक शाबूत मिळायला एक चहाचा चमचा कच्चं तेल पुरतं. ते रोजच्या 27 ग्रॅममध्येच धरा, वरून जास्तीचं नको.

घाण्यावर जाल तेव्हा तेल कधी काढलं ते विचारा आणि अर्धा लिटरच घ्या. गडद बाटलीत, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. ओमेगा-3 साठी जवसाचं तेल आणायची गरज नाही, जवसाची चटणी करा. बी अखंड असतं तोवर आतलं तेल बरंच सुरक्षित राहतं, म्हणून जवस मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंतच भाजा. गार झाल्यावर लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. एका वेळी वाटीभरच करा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. तोवर खवट वास आलाच, तर पुढच्या वेळी अर्धी वाटी करा.